आता तू म्हण

शिक्षकांनी सांगितलं की मुकाट्याने करायचं, अशा घरात मी वाढले, कारण माझी आईच शिक्षिका होती. सांगलीच्या एका मराठी शाळेत तिने तीसेक वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. आमच्या अर्ध्या गल्लीला तिनेच अक्षरं शिकवली होती. त्यामुळे डब्लिनमध्ये मुलीच्या शाळेतल्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, घरी थोडं इंग्रजी बोलून बघा, तेव्हा मी आणि माझ्या नवऱ्याने त्यावर वादसुद्धा घातला नाही. एरवी आमटीत गूळ घालावा की नाही यावर आम्ही तासभर भांडू शकतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याला डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून तिकडे गेलो होतो. मुलगी चार वर्षांची होती. बाई म्हणाल्या होत्या, 'थोडं'. पण अभ्यासाच्या बाबतीत थोडं म्हणजे किती, हे आमच्या पिढीला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी घरात ठराव पास झाला. "ख्रिसमसपर्यंत नो मराठी," नवरा म्हणाला. "एकदा तिची गाडी रुळावर आली की मग बघू."

ये, बस, जेव, झोप, सगळं बंद. पहिले दोन दिवस पोर आमच्या तोंडाकडे बघत राहिली. आईबाबा आपल्यावर रागावलेत असंच तिला वाटलं असणार. मग तिला सवय झाली. ख्रिसमसपर्यंत ती घडाघडा इंग्रजी बोलायला लागली, आणि मी फोनवर आईला ते असं सांगितलं, की जणू पोरगी स्कॉलरशिपमध्ये पहिली आली.

"बरं," आई म्हणाली.

मराठी जानेवारीत परत सुरू करायचं होतं. ते जानेवारीत झालं नाही आणि त्यानंतरच्या जानेवारीतही झालं नाही. आम्ही दोघं आपसात मराठीच बोलायचो, त्यामुळे मुलीला कळायचं बरंच. पण तिच्या तोंडी मराठीतले तीनच शब्द राहिले होते, 'आई', 'बाबा' आणि 'आजी'.

वर्षभराने शाळेत पालकांची बैठक होती. मी त्याच बाईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं की आम्ही घरी आता तिच्याशी आमच्या भाषेतला एक शब्द बोलत नाही. बाई चपापल्या. "अहो, पण मी तसं कुठे म्हटलं होतं?" त्या म्हणाल्या. "मला फक्त दोन-चार शब्द हवे होते. टॉयलेट, कोट, लंच. तिला मागता यावं म्हणून." मी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले होते. गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. बाईंवर चिडावं तर त्यांनी खरोखर थोडंच सांगितलं होतं.

बाहेर त्याच वर्गातल्या एका मुलाची आई आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. ती आमच्याच वसाहतीत, आमच्यापासून चार घरं सोडून राहायची. मूळची चिलीची, तिथल्या दक्षिणेकडच्या एका पावसाळी बंदराच्या गावची. बोटीवर इंजिनियर असलेल्या एका आयरिश माणसाशी लग्न करून इकडे आलेली. कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, "मलाही हेच सांगितलं होतं बाईंनी."

"मग तू काय केलंस?"

"मी विचारलं, कोणते शब्द? बाईंनी तीन सांगितले. मी ते कागदावर लिहून पोराच्या डब्यात ठेवले. डब्याबाहेर काढलेच नाहीत."

कोणते शब्द, एवढं विचारायचं आम्हा दोघा डिगरीवाल्यांना सुचलं नव्हतं. हुशार विद्यार्थी शंका विचारत नाहीत अशी आमची समजूत होती.

पुढे मला जवळच्या मेनूथच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधनाची जागा मिळाली. शाळा दुपारीच सुटायची आणि माझी गाडी सहाला यायची, तेव्हा मधले तीन-चार तास मुलगी तिच्याकडे राहायला लागली. मुलगी तिला 'तिया' म्हणायची. चिलीत मित्राच्या आईला, वर्गातल्या बाईंना, सगळ्यांना तियाच म्हणतात, आपल्या मावशीसारखं. मग मीही तियाच म्हणायला लागले.

तियाच्या घरात एक कायदा होता. दारात बूट काढायचे आणि त्याबरोबर इंग्रजीही तिथेच ठेवायचं. पाच वाजता त्यांच्याकडे टेबलावर चहा मांडला जायचा. चिलीत या चहाला 'ओन्से' म्हणतात. चहा, पाव, जॅम, चीज, आणि मीठ घालून कुस्करलेलं अ‍ॅव्होकाडो. त्याचं तिकडचं नाव 'पाल्ता'. चहा आणि कोरडा पाव प्रत्येकापुढे असायचा, बाकी टेबलावरची जी वस्तू हवी असेल ती स्पॅनिशमध्ये मागायची. बोट दाखवलेलं चालायचं नाही. इंग्रजीत मागितलं तर तियाला ऐकूच यायचं नाही. ती चहा ओतत राहायची, खिडकीतून बाहेर बघायची, कुणी काही बोललंय याचा तिला पत्ताच नसायचा. तिचा सहाफुटी नवरा कित्येक महिन्यांनी बोटीवरून घरी यायचा, तोही बिचारा जॅमच्या बरणीकडे बघत शब्द आठवत बसायचा.

पहिले आठ दिवस माझी मुलगी तिथे कोरडा पाव खात होती. हे मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तियाला म्हटलं, "ती पाहुणी आहे, लहान आहे, आणि तुमची भाषा तिची नाही." तिया म्हणाली, "तिला भूक आहे ना? मग झालं." नवव्या दिवशी पोरीने पाल्ता मागितला. घरी येऊन तिने तो शब्द मला चार वेळा म्हणून दाखवला, आणि मलाही आनंद झाला. आपण कशावर आनंदतोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

रविवारी जेवणं झाली की तिया टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवायची. तिच्या आईसाठी कॅसेट भरायची असायची. मुलाने आठवड्याभरात काय केलं ते सांगायचं, पुस्तकातलं एक पान वाचायचं, नाहीतर गाणं म्हणायचं. दीड-दोन महिन्यांनी तिकडून कॅसेट यायची. त्यात आजीबाईंचं बोलणं, मागे कोंबडा, आणि पत्र्यावर पडणारा पाऊस. हळूहळू त्या कॅसेटमध्ये माझ्या मुलीचाही आवाज जायला लागला, आणि चिलीतल्या त्या म्हातारीने "भारतातल्या छोकरीला" पापे पाठवायला सुरुवात केली.

सांगलीच्या आजीचा फोन व्हायचा तेव्हा मात्र आमच्याकडे वेगळाच प्रकार असायचा. मी रिसीव्हर मुलीच्या हातात द्यायची. पलीकडून आई काहीतरी विचारायची. मुलगी म्हणायची, "आय'म ग्रँड, आजी," आणि रिसीव्हर माझ्याकडे देऊन पळायची.

एका गुरुवारी प्रयोग फसला म्हणून मी लवकरच्या गाडीने परत आले. तियाच्या मुलाने दार उघडलं. मी बूट काढत होते आणि स्वयंपाकघरातून माझ्या मुलीचा आवाज येत होता. ती तियाला काहीतरी लांबलचक सांगत होती. मला स्पॅनिशचा गंध नव्हता. पण तिचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, मध्येच थांबून, आठवून, परत उसळून सांगणारा. माझ्याशी ती इंग्रजीत बोलायची तेव्हा कामापुरतं बोलायची, कारण माझं इंग्रजी हे परीक्षेचं इंग्रजी, त्यात लाड करता यायचे नाहीत. तेवढ्यात त्या ओघात मला दोन शब्द कळले. एक होता 'सांगली' आणि दुसरा 'आजी'. मी एक बूट हातात धरून तशीच उभी राहिले.

नंतर मी तियाला विचारलं, काय सांगत होती ती?

"तुझ्या आईबद्दल," तिया म्हणाली. "फोनवर आजी आधी खोकते, मग जेवलीस का म्हणून विचारते, आणि मग रडते. पण रडत नसल्यासारखं दाखवते."

आई फोनवर रडते हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातात रिसीव्हर येईपर्यंत ती सावरत असणार. माझ्या आईचं रडणं माझ्या मुलीला कळलं होतं, आणि तिने ते चार घरं पलीकडच्या बाईला सांगितलं होतं, मला कळणार नाही अशा भाषेत. मला तियाचा इतका हेवा वाटला, की मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "माझी मुलगी पळवलीस तू."

तियाने हातातली सुरी खाली ठेवली. "मी तिला पाल्ता दिला," ती म्हणाली, "तिने मागितला म्हणून. तू तिला तुझ्या भाषेत कधी काही मागायला लावलंस का?"

चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मुलीला मात्र रोज तिच्याच दारात सोडत होते, कारण दुसरं दार नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आली. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, ती एकटीच आली. साडीवर माझा जाड स्वेटर, पायात मोजे, पिशवीत भाजणी आणि सागरगोटे. मुलगी नऊ वर्षांची होती. पहिल्याच दिवशी दोघी जमिनीवर सागरगोटे खेळायला बसल्या, आणि तिथपासून तीन आठवडे त्यांचं छान चाललं, पण मुक्यानं. आई विचारायची, पोरीला समजायचं, पोरगी मान हलवायची किंवा इंग्रजीत दोन शब्द बोलायची, आणि आई हसून सोडून द्यायची. मला ते बघवत नव्हतं. उभ्या गल्लीच्या पोरांना बोलतं करणारी बाई स्वतःच्या नातीसमोर अशी बसलेली.

तियाने आईला ओन्सेला बोलावलं. पाहुणी म्हणून तिला टेबलाच्या टोकाला बसवलं. आईला चहात साखर हवी होती, म्हणून तिने साखरेच्या भांड्याकडे हात केला. तिया खिडकीबाहेर बघायला लागली. मी तोंड उघडणार तोच माझी मुलगी उठली, आजीच्या कानाशी गेली आणि काहीतरी कुजबुजली. आई ताठ बसली आणि तिने वर्गात हजेरी घ्यायच्या आवाजात म्हटलं, "असुकार!"

साखर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढचा तासभर माझी मुलगी तियाशी आणि तिच्या मुलाशी बोलत होती, हसत होती, हात नाचवून गोष्टी सांगत होती, आणि आई चहा निववत तिच्याकडे एकटक बघत होती.

घरी येताना मी म्हटलं, "किती विचित्र बाई आहे ना?"

"विचित्र कुठली? खरी मास्तरीण आहे ती," आई म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. "पोरगी बोलतीय की गं. मला वाटलं होतं, अबोलच आहे. म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव."

तीन आठवडे ती हेच समजून होती. आपल्या नातीला आपल्याशी बोलता येत नाही, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. पोरीचा स्वभाव म्हणून तिने ते समजून घेतलं होतं. मला रस्त्यातच रडू फुटलं. आई म्हणाली, "गप की. लोक बघताहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थालीपीठ लावलं आणि तव्यावरून काढून ताटली हातात धरून उभी राहिली. मुलगी खुर्चीत बसलेली. आई ताटली देईना. मुलीने एकदा आजीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला कायदा कळला होता, या टेबलावर आता मागावं लागणार. तिने मान वर केली आणि स्वच्छ स्पॅनिशमध्ये थालीपीठ मागितलं.

मी चिडून काहीतरी बोलणार होते. आईने ताटली पोरीसमोर ठेवली. "मागितलं की तिनं," ती मला म्हणाली. "मागायची लाज गेली की निम्मं काम होतं. उद्या आपल्यात मागेल."

उद्या नाही मागितलं. आठ दिवसांनी मागितलं. "आजी, अजून एक दे." आईने तिला एकाऐवजी दोन दिली आणि पोरीने कशीबशी संपवली. तीन महिन्यांत मराठीची पंधरा-वीस वाक्यं झाली. विमानतळावर मुलगी आपण होऊन म्हणाली, "परत ये." आई मागे न बघता आत गेली.

सांगलीला गेल्यावर आईने टेपरेकॉर्डर विकत घेतला. तियाची रीत तिने उचलली होती, पण ती पडली पहिलीची शिक्षिका. तिच्या कॅसेटमध्ये नुसत्या गप्पा नसायच्या, धडे असायचे. एखादी छोटी गोष्ट, मग त्यातलं एक वाक्य सावकाश, मग "आता तू म्हण," आणि मग शांतता. मुलीला ते वाक्य म्हणता यावं इतकी मोजून सोडलेली जागा. मग पुढचं वाक्य. पहिल्या चार कॅसेट आम्ही आमच्या टेपरेकॉर्डरवर नेमाने लावल्या. मुलगी त्या जागेत बोलायची, ते आम्ही वेगळ्या कॅसेटवर भरून सांगलीला पाठवायचो. तियाच्या टेपरेकॉर्डरवर, तियाच्या टेबलावर, तिचं रविवारचं भरून झालं की आमचं.

त्याच सुमारास तियाचा मुलगा बदलला. दहाएक वर्षांचा झाला होता. शाळेत त्याला स्पॅनिशवरून चिडवायचे म्हणे. एक दिवस ओन्सेला त्याने इंग्रजीत पाल्ता मागितला. तिया खिडकीबाहेर बघत राहिली. त्याने परत मागितला नाही. कोरडा पाव खाल्ला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पंधराएक दिवसांनी मी मुलीला न्यायला गेले होते, तेव्हा तियाने स्वतःहून पाल्त्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने ते पावाला फासलं. त्या टेबलावर न मागता काही सरकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तियाकडे बघवत नव्हतं, म्हणून मी मुलीचा कोट शोधत बसले.

एकच गंमत उरली होती. तो मुलगा माझ्या मुलीशी भांडायचा मात्र स्पॅनिशमध्ये. टीव्हीच्या रिमोटवरून त्यांची जुंपली की दोघं अस्सल चिलीच्या शिव्या द्यायची. तिया ते थांबवायची नाही. स्वयंपाकघरात नळ बंद करून, ओले हात तसेच धरून ती ऐकत उभी असायची.

मुलाची कॅसेट बंद झाली आणि रविवारचा तो नेमच मोडला. आमचाही मोडला. ते निमित्त होतं, कारण नव्हतं. माझा प्रबंध शेवटच्या टप्प्यात होता, मुलगी कॅमोगीच्या, म्हणजे तिकडच्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या, टीममध्ये गेली होती, फोनची कार्डं स्वस्त झाली होती. आठवड्याला बोलणं होतंच की, असं मी स्वतःला समजावत होते. सांगलीहून कॅसेट येतच राहिल्या. आईला मी सांगायची, "मिळाली गं. या रविवारी नक्की." आमचा टेपरेकॉर्डर कधीच बिघडला होता. मी ती पाकिटं जिन्यावरच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवत गेले. डब्लिनच्या ओलीत तीच एक कोरडी जागा, असा शास्त्रीय विचार करून. उष्णतेने टेप खराब होते हे रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला सुचलं नाही.

मुलगी बारा वर्षांची असताना आई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता. भावाचा फोन आला आणि मी एकटीच गेले, मुलीच्या परीक्षा होत्या. दिवस झाल्यावर मी आईच्या खोलीतल्या वस्तू आवरत होते, तेव्हा तिथे तिची टाचणवही सापडली. उद्या वर्गात काय शिकवायचं याचं टाचण शिक्षकांना रोज काढावं लागतं. निवृत्त झाल्यावर ती सवय सुटली असेल असं मला वाटलं होतं. पण ही वही नवीन होती. प्रत्येक पानावर एका कॅसेटचा धडा, खाली वाक्यं, आणि उजवीकडे समास सोडून वर लिहिलेलं, 'शेरा'. पहिल्या चार पानांवर शेरे होते. 'आवाज मोठा आहे. छान.' 'ळ अजून जमत नाही.' 'घाई करते.' 'आजी म्हणताना गोड म्हणते.' पाचव्या पानापासून शेऱ्याची जागा कोरी होती. मी पानं उलटत गेले. शेवटच्या पानापर्यंत ती कोरीच होती, आणि टाचण मात्र प्रत्येक पानावर होतं.

ती वही मी डब्लिनला आणली. तिया भेटायला आली, तिने वही हातात घेतली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण रिकामा समास तिला कळला. "तिच्या टेप कुठे आहेत?" तिने विचारलं. मी हॉट प्रेस उघडून दाखवलं. तिने पाकिटं काढून छातीशी धरली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "चल."

पाच वाजायला आले होते. तियाने ओन्से मांडला आणि मध्ये आपला जुना टेपरेकॉर्डर ठेवला. तिचा मुलगाही येऊन बसला. मी पाचव्या पानाची कॅसेट लावली आणि आधी काही सेकंद नुसती खरखर आली. मला वाटलं, गेलं सगळं. मग आई खोकली.

आवाज जरा जड झाला होता, ओढल्यासारखा येत होता, पण तिचाच होता. बाहेर पाऊस नाही, कावळा ओरडतोय, दूधवाला येऊन गेला, असं दोन मिनिटं बोलून ती धड्यावर आली. आज फोनवर कसं बोलायचं ते शिकू या, ती म्हणाली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "आजी, तू जेवलीस का? आता तू म्हण."

शांतता. टेप फिरत होती. मुलगी टेबलावरच्या पावाकडे बघत होती, आम्ही कुणीच तिच्याकडे बघत नव्हतो. पहिल्या चार कॅसेटमध्ये नव्हतं ते या कॅसेटमध्ये होतं. सोडलेली जागा संपली आणि आईचा आवाज आला, खुशीत, अगदी वर्गातल्यासारखा. "शाब्बास!"

बहुधा उत्तराची कॅसेट यायला उशीर होतोय म्हणून तिने ठरवलं असेल की शेरा आधीच देऊन टाकावा. पोरगी म्हणणार, याची तिला खात्री होती.

मुलीने झटकन मान वर केली. "आय डिडन्ट से इट," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आई, आय डिडन्ट से एनीथिंग." मग ती ढसाढसा रडायला लागली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, पण खरी दोषी मीच होते. तियाच्या मुलाने हात लांब करून कॅसेट थोडी मागे घेतली आणि बटण दाबलं.

"आजी, तू जेवलीस का? आता तू म्हण."

मुलीने बाहीने नाक पुसलं आणि टेपरेकॉर्डरजवळ सरकली.

"आजी," ती म्हणाली, "तू जेवलीस का?"

"शाब्बास!" आई म्हणाली.